आजोबांचे कागद संग्रहात जमा करताना

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या घरातले जुने कागद कोल्हापुरातल्या एका ग्रंथालयाच्या संग्रह विभागात रीतसर जमा झाले. काम सुरू केलं जानेवारी २०२४ मध्ये. घरात असा साठा निघाला तर नेमकं काय करायचं, कुणाला विचारायचं, खर्च किती येतो, याबद्दल मराठीत लिहिलेलं मी तेव्हा खूप शोधलं. फारसं हाती लागलं नाही. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. संस्थेचं नाव घालत नाही, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. तुम्ही कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल तेवढंच सांगते.

आधी थोडं घराविषयी. आजोबा १९४६ पासून १९८४ पर्यंत उद्यमनगरातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात होते. १९५८ नंतर तिथले व्यवस्थापक. मालक नव्हते, पण कच्चा माल, पगार, परवाने, तक्रारी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. पणजोबा करवीर दरबारच्या मुलकी खात्यात होते. थोरल्या आजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती, धाकटे आजोबा वकील आणि पुढे नगरपालिकेत निवडून गेलेले. गावात घराला नाव होतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी दरबारी लोक, व्यापारी, कामगारांचे पुढारी असे सगळे येऊन गेलेले आहेत. ही चारही माणसं कागद टाकणारी नव्हती.

आजोबा १९९४ मध्ये गेले. आजीने त्यांच्या खोलीला हात लावू दिला नाही, आणि आजीनंतर तो कुणी लावलाच नाही. २०२३ च्या दिवाळीत घर पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं आणि बिल्डरने मे २०२५ पर्यंत जागा रिकामी मागितली. तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या खोलीकडे गेलं.

जानेवारीत आम्ही भावंडं जमलो. खोलीत दोन लोखंडी कपाटं, एक सागवानी पेटी, पत्र्याच्या ट्रंका आणि नकाशांच्या गुंडाळ्या. रद्दीचा भाव किलोला चौदा रुपये होता. थोरला चुलत भाऊ म्हणाला, "फोटो आणि मोठ्या माणसांची पत्रं ठेवू, बाकीचं काढून टाकू." त्याचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. बहुतेक घरांत हेच होतं. पण मी एक फाईल उघडली. ती १९५९ ची हजेरी होती. साचे करणारे मोल्डर, साच्यातल्या पोकळीसाठी कोअर करणारे, भट्टीवाले, ओतीव माल घासून साफ करणारे फेटलिंगवाले, प्रत्येकाचं नाव, गाव, रोज आणि उचल. पाचगाव, उचगाव, कळंबा, वडणगे. या माणसांची नावं दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेली असतील असं मला वाटेना. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पाया घातलेली मिल आज बंद आहे. उद्यमनगरातले किती कारखाने शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत गेले आणि किती मिटले, ते लोकांच्या बोलण्यातूनच कळतं. मोठ्या उद्योगपतींचे कागद जपले गेले आहेत. वालचंद हिराचंद आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांचे कागद दिल्लीला प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालयात (२०२३ पर्यंतचं नेहरू स्मारक संग्रहालय) आहेत. टाटांचा स्वतःचा अभिलेख संग्रह पुण्यात आहे, गोदरेजचा विक्रोळीत. पण मधल्या फळीचे, रोजचा कारखाना चालवणारे जे लोक होते, त्यांचे कागद कोण ठेवतं? त्या दिवशी एवढंच ठरलं, की सहा महिने काहीही टाकायचं नाही.

पहिली गोष्ट केली ती फोटो काढण्याची. एकही कागद हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा, प्रत्येक गठ्ठ्याचा आहे तसा फोटो. कपाट अ, कप्पा ३, डावीकडून दुसरा गठ्ठा, अशा चिठ्ठ्या लावून. हे सांगितलं माझ्या एका मैत्रिणीने, ती इतिहासाची प्राध्यापक आहे. माणसाने कागद ज्या क्रमाने लावले तो क्रमही माहिती असतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि पुढे ते अक्षरशः पटलं. आजोबांनी कोकच्या, म्हणजे भट्टीच्या इंधनाच्या, वॅगनच्या तक्रारींच्या फाईलीतच त्या आठवड्यात कामाविना बसवून ठेवावे लागलेल्या कामगारांची यादी लावली होती. विषयवार लावायला गेलो असतो तर यादी 'कामगार'मध्ये गेली असती, तक्रार 'रेल्वे'मध्ये, आणि एकामुळे दुसरं झालं हे कुणाला कळलं नसतं.

फेब्रुवारी-मार्च चौकशीत गेले. कोल्हापुरात विचारायला जागा आहेत हे आपल्याला बरेचदा माहीत नसतं. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं इथे कार्यालय आहे, शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. शिवाय महाविद्यालयांची आणि संशोधन मंडळांची ग्रंथालयं. जाताना कागद घेऊन जाऊ नका. दोन पानी टिपण न्या: कागद कुणाचे, कोणत्या काळातले, साधारण किती (आम्ही 'रचले तर कपाटाचे चौदा फूट' असं लिहिलं होतं), भाषा आणि लिपी कोणती, अवस्था कशी आणि आजवर कुठे होते. सोबत दहा-बारा फोटो. समोरच्या माणसाला पाच मिनिटांत अंदाज येतो आणि तोही मोकळेपणाने बोलतो.

एका ठिकाणी जागा नव्हती. एका ठिकाणी त्यांना फक्त नामवंतांच्या सह्यांची पत्रं, दरबारी कागद आणि छायाचित्रं हवी होती. कारखान्याची दप्तरं नको होती. घरी मतभेद झाले, कारण तिथे लगेच काम होत होतं. मी आणि धाकटी चुलत बहीण अडून बसलो. संग्रह फोडून दिला की उरलेल्याला कुणी विचारत नाही आणि ते शेवटी रद्दीतच जातं. तिसऱ्या ठिकाणच्या ग्रंथपालबाईंनी टिपण वाचून पहिला प्रश्न केला, "हजेऱ्या सलग आहेत का?" तिथेच द्यायचं हे माझ्यापुरतं त्या क्षणी ठरलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की समिती तीन महिन्यांतून एकदा बसते, आधी पूर्ण यादी लागेल, आणि कागद स्वच्छ, कोरडे आणि कीड नसलेले असले पाहिजेत. होकार मिळायला वर्षही लागू शकतं.

एप्रिल आणि मे साफसफाईला घेतले. कोल्हापुरात हे काम पावसाआधीच करायला हवं. जूनपासून हवेतला दमटपणा एवढा असतो, की आज उघडलेला गठ्ठा चार दिवसांत वास मारतो. सामान साधं लागलं: मऊ रुंद ब्रश, एन-९५ मास्क, पांढऱ्या जुन्या चादरी, पेन्सिली. कागदाला हातमोज्यांची गरज नसते, धुऊन कोरडे केलेले हात चांगले, बोटांना कागद कळतो. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे घालावेत. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत. खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून, टाचणीचे पाय सरळ करून मग काढायच्या. फाटलेल्याला चिकटपट्टी कधीच लावायची नाही, आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही. आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की तो लॅमिनेट करतात. त्यातून तो पुन्हा सुटा होत नाही आणि आतल्या आत पिवळा पडत जातो.

खालच्या मजल्यावरच्या एका ट्रंकेची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट आहे, यावरून काय झालं असेल ते इतर गावांतल्या वाचकांना कळेल. शुक्रवार पेठेत घराघरांत पाणी होतं. २०२१ ला पुन्हा तेच. ती ट्रंक दोन्ही पुरांत भिजली आणि नंतर तशीच वाळली. आतल्या वह्यांच्या विटा झाल्या होत्या. पुण्याहून एका कागदसंवर्धकाला बोलावलं, प्रवासासकट साडेसहा हजार रुपये झाले. त्यांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्या गावाला पूर नवा नाही. कागद भिजले तर दोन दिवसांच्या आत एकतर सावलीत पंख्याखाली सुटे करून वाळवायचे, किंवा जास्त असतील तर पिशव्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे. गोठले की बुरशी थांबते आणि नंतर सवडीने वाळवता येतात. उन्हात पसरायचे नाहीत. आमच्या ट्रंकेतल्या अर्ध्या वह्या पातळ पट्टीने पान पान सोडवून वाचवता आल्या. उरलेल्या गेल्या. त्यात आजोबांच्या १९५० ते १९५२ च्या रोजनिश्या होत्या. त्याचं अजून वाईट वाटतं.

नकाशांबद्दलही थोडं, कारण उद्योगाच्या कागदांत ते असतातच. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असलेले जुने ब्लूप्रिंट उजेडात ठेवले की फिके पडतात. पांढऱ्यावर जांभळ्या-निळ्या रेघांचे अमोनिया प्रिंट वेगळे ठेवायचे, त्यांच्यातून निघणारी वाफ शेजारच्या कागदांना डागाळते. पंप, चरकाचे रोलर, इंजिनाचे भाग अशी चित्रं होती. त्यांतली साठ निवडून स्कॅन केली, चित्रामागे ऐंशी रुपये.

२०२४ च्या जुलैमध्येही नदीने धोक्याची पातळी ओलांडली. पण जूनच्या पहिल्या आठवड्यातच आम्ही सगळं माझ्या राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं होतं. पावसाळाभर मी यादी केली. संध्याकाळी शाळेतून आल्यावर दोन तास. यादीत रकाने थोडेच ठेवा: क्रमांक, मूळ जागा, फाईलीवरचं मूळ नाव जसंच्या तसं, पहिली-शेवटची तारीख, दोन ओळींचा सारांश, अवस्था. पत्रापत्राची यादी करायला गेलात तर दोन वर्षांतही संपणार नाही. फाईलीपर्यंत थांबा.

बिनतारखेचे कागद खूप निघतात. त्यांचा काळ ठरवायला या खुणा कामी आल्या. हिशेबात रुपये-आणे-पै असेल तर बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीचा. त्यानंतर नवे पैसे येतात. आजोबांच्या हजेरीत त्या महिन्यापासून लाल शाईने नवे रकाने आखलेले आहेत. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. मण-शेर जाऊन किलो येऊ लागतात ते १९५८ नंतर, हळूहळू. अडतीच्या वह्यांत मात्र मण बरीच वर्षं टिकून आहे. सरकारी पत्रांच्या शीर्षांवरूनही कळतं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि काही महिने कार्यालयांनी जुनेच छापील कागद 'करवीर दरबार' खोडून वापरले, असे कित्येक नमुने आमच्याकडे निघाले.

या चार महिन्यांत मी आजोबांना नव्याने ओळखलं. मला आठवतात ते निवृत्त झालेले, अंगणात पेपर वाचणारे. फाईलीतले आजोबा वेगळे. कलकत्त्याच्या लोखंड-पोलाद नियंत्रकाला एकाच कोट्यासाठी पुन्हा पुन्हा लिहिणारे, दर वेळी आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख देणारे. भद्रावतीचं पिग आयर्न आणि झरियाचा कोक वेळेवर आला नाही तर कुपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, पेटत नाही, आणि कुपोला पेटला नाही तर मोल्डरांचे रोज बुडतात. हे त्यांनी प्रत्येक पत्रात वेगळ्या शब्दांत मांडलं आहे. सरकारला लिहितानाही आकडा टनांचा कमी आणि माणसांचा जास्त.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. त्या तारखेची नोंद अशी आहे: "पहाटे मोठा धक्का. घरची सर्व बाहेर. भिंतीस तडा. वीज नाही, ब्लोअर बंद, भट्टी पेटवू नये असे सांगितले. दुपारी पाटणकडची माणसे गावी जातो म्हणाली. प्रत्येकी वीस रुपये उचल दिली, हिशेबात धरू नये." कुपोला जळतो कोकवर, पण त्याला हवा देणारा ब्लोअर विजेवर चालतो, त्यामुळे त्या दिवशी कारखाना बंदच होता. शेवटचे तीन शब्द वाचून मी तशीच बसून राहिले. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात ती उचल खरंच कुणाच्या नावावर नाही.

थोरल्या आजोबांच्या अडतीच्या गठ्ठ्यात वळिवड्याच्या छावणीची बिलं सापडली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते, त्यांचं स्मारक महावीर उद्यानात आहे. गूळ, चहा, साबण, कंदिलाच्या काचा. बिलांवर सह्या करणारी पोलिश नावं देवनागरीत लिहायचा दिवाणजींनी केलेला प्रयत्न बघण्यासारखा आहे. हेच कागद निवडक देण्याच्या नादात 'किराणा बिलं' म्हणून सगळ्यात आधी गेले असते.

पणजोबांचं दप्तर मोडीत. आठ रुमाल होते, लाल कापडात बांधलेले, आत कडुलिंबाचा वाळून भुगा झालेला पाला. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना ऑक्टोबरमध्ये गाठलं. ते आधी रुमाल चाळून प्रत्येकाचा ओळभर सारांश देत आणि मग निवडक पानांचं लिप्यंतर करत. लिप्यंतराला पानाला शंभर रुपये, नव्वदएक पानं झाली. सगळं लिप्यंतर करून घ्यायची गरज नसते, संग्रहात जाणारे अभ्यासक ते करतात. तारखा बरेचदा फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षगणनेत, असतात. ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतं. पणजोबांचं काम बहुतेक पाटस्थळ, म्हणजे पाटाच्या पाण्याखालच्या जमिनी, आणि सारा-सुटीचं. पाऊस कमी, पीक आठ आणे (म्हणजे निम्मं), सूट मागितली आहे, चौकशी करून कळवावे. असं रुमालामागून रुमाल.

फोटोंसाठी मात्र माणूस लागला. कारखान्यातल्या दोनशेच्या वर फोटोंपैकी बहुतेकांच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, करणारे एक मिस्त्री आजोबांच्या हाताखाली होते, आता नव्वदीच्या आसपास. नोव्हेंबरमधल्या काही रविवारी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. फोटो मोठा करून दाखवायचा आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, अर्थात त्यांना विचारून. ते माणसांआधी यंत्रं ओळखायचे. "ह्यो ब्लोअर मागनं बदलला. म्हंजे फोटू चौसष्टच्या आदीचा." मग माणसं. "हा उचगावचा. ह्याच्यासारखा कोअर करनारा मी दुसरा बघितला न्हाई. डोळं गेलं त्याचं पुढं." एका फोटोत सगळे रांगेत उभे आणि आजोबा मध्ये बसलेले. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, सायबांचं नाव कागदावर हाय. आमचं बी लिवा." त्या फोटोतल्या एकतीस जणांपैकी चोवीस नावं यादीत गेली आहेत. तुमच्याकडे असे फोटो असतील तर कागद नंतर बघा, आधी हे काम करा. कागद वाट बघू शकतो.

डिसेंबर २०२४ च्या बैठकीत समितीने तत्त्वतः मंजुरी दिली आणि मग सुरू झाला घरातला भाग. मला हा सगळ्यात जड गेला.

कागदांची मालकी सगळ्या वारसांची असते. संस्थेने सर्वांची लेखी संमती मागितली. कोल्हापूर, पुणे, बंगळूर आणि अमेरिकेत मिळून अकरा वारस. अमेरिकेतल्या चुलत भावाला पणजोबांचा एक रुमाल आठवण म्हणून न्यायचा होता. पण पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित कागद १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याला आम्ही उत्तम प्रतीचे स्कॅन आणि लिप्यंतर पाठवलं. तो खूश झाला.

मग आजीची पत्रं. आजी आणि आत्या यांच्यातली, आत्याच्या लग्नानंतरच्या कठीण काळातली. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मी त्यांच्याकडे गेले, पत्रं समोर ठेवली. त्यांनी दोन वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "आईचं अक्षर संग्रहात गेलं तर मला आनंदच आहे गं. पण मी असेपर्यंत कुणी वाचू नये." ही सोय असते हे मला ग्रंथपालबाईंमुळे कळलं. काही भाग ठरावीक वर्षांसाठी बंद ठेवून देता येतो. त्यामुळे जाळण्याची किंवा लपवण्याची वेळ येत नाही. ती पत्रं सीलबंद पाकिटात गेली, २०५५ पर्यंत बंद. मग माझ्या मनात आलं, की हा अधिकार फक्त आमचा कसा? कारखान्याच्या फाईलींत अपघातांचे अहवाल होते, कामगारांच्या आजारपणाच्या, कर्जाच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं. तेही तेवढ्याच मुदतीसाठी बंद ठेवायला सांगितलं. हजेऱ्या आणि पगारपत्रकं खुली ठेवली.

मालकी आणि प्रताधिकार (कॉपीराइट) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वकिलांकडून नीट समजून घ्या. पत्राचा कागद मिळणाऱ्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं राहतो. आजोबांच्या लेखनाचा हक्क वारसांकडे आहे. तो आम्ही अभ्यासासाठी उद्धृत करायला खुला केला. दुसऱ्यांनी आजोबांना लिहिलेल्या पत्रांचा हक्क आम्हाला देताच येत नाही, तसं दानपत्रात लिहिलं.

दानपत्र मार्च २०२५ मध्ये पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर झालं. आधी शंभरचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशे झाला आहे. नोटरी, झेरॉक्स, कुरिअर धरून दीड हजाराच्या आत. त्यात काय असावं याबद्दल आमचा आग्रह होता, तो सांगते. यादी दानपत्राचा भाग असावी, पानोपान सह्यांसकट. संग्रह एकत्र ठेवला जाईल, फोडला जाणार नाही. संस्थेला एखादी गोष्ट नको झाली तर आधी कुटुंबाला विचारतील. बंद भागाची मुदत आणि मुदतीआधी परवानगी कुणी द्यायची, हे नावानिशी. आणि कुटुंबातल्या कुणालाही स्कॅन मोफत मिळतील. संस्थेने यातलं जवळजवळ सगळं मान्य केलं. मात्र 'खोलीला आजोबांचं नाव द्यावं' ही एका भावाची सूचना मीच पुढे नेली नाही.

एप्रिलमध्ये सगळं आम्लविरहित फोल्डरांत आणि खोक्यांत भरलं. ती पुण्याहून मागवली. फोल्डर पंचेचाळीस रुपयांचा, खोकं साडेपाचशेचं. एकेचाळीस खोकी झाली, फोल्डर तीनशे. छत्तीस हजार रुपये गेले, खर्चाचा मोठा भाग हाच. परवडत नसेल तर संस्थेला विचारा, काही ठिकाणी ते स्वतः देतात. निदान फाईलींतले गंजके क्लिप आणि रेक्झिनची कव्हरं तरी काढून टाका. मोडी वाचन, संवर्धक, स्कॅनिंग, टेम्पो, सगळं मिळून खर्च साठ हजारांच्या आसपास. आम्ही आठ जणांनी वाटून घेतला.

मे महिन्यात घर रिकामं केलं. कागद त्यात नव्हते, एवढ्यानेच मला धीर होता. संस्थेकडे कीडनाशक धुरीची खोली एकच, तिचा क्रम ऑक्टोबरमध्ये लागला. तोपर्यंत खोकी माझ्या बैठकीच्या खोलीत. भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर, जमिनीला न टेकवता. पावसाळाभर दमटपणा मोजायचं सातशे रुपयांचं यंत्र मी खोलीत ठेवलं होतं आणि आकडा वर गेला की पंखा लावत होते. घरच्यांनी सहा महिने पाहुण्यांना आतल्या खोलीत बसवलं, कुणी तक्रार केली नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो आला, अठराशे रुपये भाडं. ग्रंथपालबाईंनी प्रत्येक खोक्याचा क्रमांक यादीशी ताडून पाहिला, दोन तास लागले. मग दाखल नोंदवहीत क्रमांक पडला आणि शिक्क्याची पावती मिळाली. पावती घेतल्याशिवाय परत येऊ नका. पुढे कुणाला काही शोधायचं झालं तर हाच क्रमांक लागतो.

सविस्तर सूची व्हायला त्यांना अजून वर्षभर लागेल. पण हजेऱ्या वाचनासाठी खुल्या झाल्या आहेत. दिवाळीनंतर अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने त्या मागितल्या. तिला साठच्या दशकातले मोल्डरांचे रोज आणि गुळाचे भाव शेजारी शेजारी मांडून बघायचे आहेत. गुळाचे भाव थोरल्या आजोबांच्या वह्यांत आहेत, ते खोके सोळा ते एकोणीसमध्ये, हे मी तिला कळवलं. मिस्त्रींच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण अजून माझ्याकडेच आहे. त्याचं लेखन झालं की वेगळं पुरवणी दानपत्र करायचं आहे, त्यावर सही मिस्त्रींची असेल.